अन्नपूर्णाबाईंच्या वाट्याचा स्नो

साखरखेर्ड्याच्या सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी जानराव यांनी जन्मात एकदाच तोंडाला लावायची वस्तू विकत घेतली, आणि गावात तिचा उपयोग तोंडापेक्षा बाकीच्या अवयवांनाच जास्त झाला. महाराष्ट्र राज्य नवंकोरं होतं तेव्हाची ही गोष्ट. राज्य नवं, सोसायटी नवी, सोसायटीचं गोदाम नवं, आणि जानरावांची काळी टोपीसुद्धा नवी. जुना होता तो एक खिळा. तो त्यांच्या बैठकीच्या भिंतीत, दारासमोर, बरोब्बर नजरेच्या उंचीवर ठोकलेला होता आणि त्याला काहीही टांगलेलं नव्हतं.

तो खिळा फोटोचा होता. जानरावांनी खिळा आधी ठोकला आणि फोटो मागून काढायला गेले. सरकारी कामाची सवय, दुसरं काय.

गावच्या जत्रेत दरसाल मेहकरहून पुंजाजी फोटोग्राफर यायचा. तंबू ठोकायचा, मागे पडदा लावायचा. पडद्यावर राजवाडा, राजवाड्यापुढे तळं, तळ्यात बदक आणि तळ्याच्या काठी एक मोटार रंगवलेली. ती मोटार बदकाहून थोडीशीच मोठी. पण पुंजाजीची खरी इस्टेट म्हणजे त्याची खुर्ची. सिंहाचे पंजे, मोराची पाठ, लाल मखमल. ती कोण्या संस्थानिकाच्या लिलावातली आहे, असं पुंजाजी सांगे. संस्थान कोणतं ते दरसाल बदले. त्या खुर्चीत बसून फोटो काढलेला माणूस गावात थोडा वेगळा चाले.

मागच्या जत्रेत जानरावांनी बायकोला, म्हणजे अन्नपूर्णाबाईंना, पुष्कळ मिनतवारी करून त्या तंबूत नेलं होतं. जोडीचा फोटो हवा होता. जानराव खुर्चीत बसले, बाई मागे उभ्या राहिल्या. पुंजाजी कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला, आणि आतूनच म्हणाला, "बाई, गालाले चुलीची राख लागली वाटते. पुसून घ्या जराशी."

अन्नपूर्णाबाईंनी पदर घेऊन गाल पुसला. राख नव्हतीच ती. दोन्ही गालांवर वांग होता, कित्येक वर्षांचा. तो पुसून जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी परक्या माणसाचा शब्द मोडायला नको म्हणून त्यांनी पुसला.

"नाई गेली," पुंजाजी म्हणाला. "बरं, तोंड तिकडे फिरवा मंग. बदकाकडे पाहा."

बाईंनी बदकाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "गाईची धार काढाची हाय," आणि निघून गेल्या. भर दुपारची वेळ होती. दुपारी धार काढायची रीत साखरखेर्ड्यात काय, कुठंच नाही. जानराव त्या मोठ्या खुर्चीत एकटेच बसून राहिले, आणि त्यांना जन्मात पहिल्यांदा खुर्चीत बसल्याची लाज वाटली.

त्यानंतर कोणी फोटोचं नाव काढलं की बाई आत जात. खिळा तसाच राहिला. कडूबा यायचा आणि त्या खिळ्याला आपली टोपी अडकवायचा. कडूबाचं मोटार स्टँडवर हॉटेल होतं, म्हणजे तीन बाकं आणि एक स्टोव्ह. टोपी लटकलेली दिसली की जानराव ती उतरवून कडूबाच्या हातात देत. पुढच्या जत्रेला ही बाई आपल्याशेजारी तोंड न फिरवता उभी राहिली पाहिजे, असा त्यांनी मनाशी ठराव केला. अनुमोदनाला कोणी नव्हतं, तरी मंजूर करून टाकला.

उपाय वर्तमानपत्रात सापडला. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती: स्वर्गकांती स्नो, तोंडाला लावायचं क्रीम. वांग, सुरकुत्या, काळे डाग यांचा समूळ नाश. डावीकडे एका बाईचं चित्र, खाली लिहिलेलं 'वापरण्यापूर्वी'. उजवीकडे तीच बाई, 'वापरल्यानंतर'. किंमत रुपये सात, टपालखर्च निराळा. त्या काळी सात रुपयांत घरातल्या सगळ्यांच्या पायांत नव्या वहाणा आल्या असत्या आणि वर पॉलिशची डबी.

जानराव जाहिरात घेऊन कडूबाकडे गेले. कडूबानं चित्रं स्टोव्हच्या उजेडात धरून पाहिली.

"दोनी चित्रं एकच हाय, जानरावभाऊ. इकडं छापतानी शाई जास्त झाली, तिकडं कमी."

"मंग सात रुपये कायचे घेते ते?"

"शाई कमी केल्याचे."

जानरावांना ते पटलं. पटूनही त्यांनी दुसऱ्या दिवशी व्ही.पी.ची, म्हणजे माल आल्यावर पोस्टात पैसे भरायची, ऑर्डर टाकली. माणसाला खरं काय ते कळतं, पण खिळाही दिसत असतो. बायकोला आधी कळू नये म्हणून पत्ता ऑफिसचा दिला: सेक्रेटरी, सोसायटी, साखरखेर्डा. इथेच घोटाळा झाला.

पार्सल आलं तेव्हा पोस्टमास्तरांनी ते गल्ल्याखाली ठेवून घेतलं. हे पोस्टमास्तर जानरावांबरोबर रोज संध्याकाळी पत्ते खेळत आणि त्यांना हरवत.

"हे पार्सल सेक्रेटरीच्या नावानं आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"सेक्रेटरी मीच हाय ना."

"तुम्ही जानराव आहात. सेक्रेटरी हा हुद्दा आहे. उद्या तुमची बदली झाली तर हे पार्सल कोणाचं?"

"स्नो हाय तो, मास्तर. बदली व्हायच्या आंधी सुकून जाईन."

"काय आहे ते पोस्टाला माहीत नाही. सोसायटीचा शिक्का आणा."

शिक्का चेअरमनकडे असे. चेअरमन किसनराव पाटील शिक्का धोतराच्या गाठीत बांधून शेतात नेत. सोसायटीवर त्यांचा इतका जीव. जानराव शेतावर गेले, सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्यांनी 'बायकोसाठी' हा शब्द गाळला आणि 'एक औषध' असं म्हटलं. किसनराव जातीनं पोस्टात आले, शिक्का मारला, पैसे जानरावांना भरायला लावले आणि पार्सल स्वतः फोडलं. सोसायटीच्या नावानं आलेला माल अध्यक्षानं तपासायला नको काय?

काचेची डबी निघाली. वर गुलाबी झाकण. आत पांढराशुभ्र, लोण्यासारखा गोळा, आणि वास असा की पोस्टाच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. किसनरावांनी दोन बोटं आत घातली, वास घेतला, विचार केला आणि टाचेच्या भेगांवर चोळलं. मग दुसऱ्या टाचेवर.

"थंड लागून राह्यलं, बे," ते समाधानानं म्हणाले. "असं औषध सोसायटीनं ठेवलंच पाह्यजे."

पाव डबी तिथेच गेली. उरलेली जानराव कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आले. अन्नपूर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्यापुढे डबी ठेवून जानराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुह्यासाठी हाय. तोंडाले लावाचं."

बाईंनी हात धुतले, पुसले, डबी उचलली. झाकण उघडून पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते जानरावांनी पाहिलं नाही, कारण ते भिंतीकडेच पाहत होते. पुढे पुष्कळ दिवस त्यांना याची हळहळ वाटली.

"कितीले पडली?"

"स्वस्त हाय."

"खोटं नका बोलू. इतला वास स्वस्ताले नसते." मग त्या उठल्या. "आंधी देवाले दाखोते."

घरात नवं धान्य आलं तरी आधी देवाला, गूळ आला तरी आधी देवाला, तसा स्नोही देवाला गेला. बाईंनी देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांना एकेक बोट लावलं आणि फडक्यानं पुसलं. टाक असे काही लखलखले की देव ओळखू येईनात. स्वर्गकांती स्नोनं गोरे झालेले साखरखेर्ड्यातले पहिले आणि शेवटचे ते एवढेच.

देवानंतर मालक. "तुमी लावल्याबिगर मी कशी लावू?" असं म्हणून बाईंनी डबी जानरावांपुढे धरली. जानरावांनी नको नको म्हटलं, पण घरातली पहिली भाकरी कोणाच्या ताटात पडते हे ठरलेलं असतं, त्यात वाद नसतो. त्यांनी घाईघाईनं तोंडाला फासला आणि ऑफिसात गेले. आपल्या गव्हाळ रंगावर तो चुन्याच्या हातासारखा बसला होता हे घरातल्या टीचभर आरशात दिसलं नव्हतं. गोदामापुढे खतासाठी आलेले शेतकरी बसले होते. ते आधी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग एक म्हातारा काळजीनं म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला काय?" जानरावांनी त्या दिवशी सगळ्यांशी फार कडक आवाजात बोलून घेतलं.

मालकानंतर सासू. रुखमाबाई, जानरावांची माय, ऐंशीच्या घरातली. तिच्यापुढे डबी गेली तेव्हा ती म्हणाली, "माह्या तोंडाले आता कोन पाहते? गुडघ्याले लाव." सुनेनं गुडघ्याला चोळलं. रुखमाबाई उठली, ओसरीवर चालली, परत आली आणि म्हणाली, "हलकं वाटते." झालं. तेव्हापासून दोन्ही वेळेला गुडघे पुढे यायला लागले. त्यात स्नोचा गुण किती आणि सुनेच्या हाताचा किती, हे ठरवायला त्या गावात कोणी शास्त्रज्ञ नव्हता.

सासूनंतर सुवासिनी. वास कुंपणापलीकडे गेलाच होता. शेजारची झुंबरबाई कुंपणावरून नाही, कुंपणातूनच आली.

"काऊन वं अन्नपूर्णा, एकटी एकटी लावून राह्यली?"

"अजून लावलाच नाई, आक्का. ये, बस. तुह्याआंधी कशी लावीन?"

झुंबरबाई एकटी नव्हती. तिच्यामागे गल्ली होती. अन्नपूर्णाबाईंनी सतरंजी टाकली, एकेकीला कुंकू लावलं आणि कुंकवाबरोबर गालाला स्नोचं बोट. कोणी लाजली, कोणी दुसऱ्या गालालाही मागून घेतलं. एकीनं तो डोळ्यात जाईल म्हणून डोळे मिटले आणि घरी जाईपर्यंत उघडलेच नाहीत. तिला हात धरून न्यावं लागलं. झुंबरबाईनं आपला वाटा पदराच्या टोकाला बांधून नेला. तिच्या गाईच्या सडांना भेगा होत्या. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की गाय लाथ मारायची थांबली आणि दुधाला फुलांचा वास येतो. त्या दुधाचा चहा कडूबानं हॉटेलात केला, आणि लग्नाच्या बोलणीला निघालेला एक माणूस तो पिऊन मुद्दाम दोनदा आला, असं कडूबा शपथेवर सांगे. कडूबाच्या शपथेचा भाव गावाला माहीत होता.

जत्रा चार दिवसांवर आली तेव्हा कडूबाच्या हॉटेलात विषय हाच. महाग पडला की स्वस्त?

किसनराव पाटील टाच वर करून म्हणाले, "पाहा. इतली नरम टाच माह्या लग्नात नोती. पैसे वसूल."

"पन तो टाचेचा नाई ना, पाटील," जानराव म्हणाले.

"तुमी हिशेबातच चुकून राह्यले, भाऊ," कडूबा कप विसळत म्हणाला. "टाच झाली, गुडघा झाला, गाय झाली, देव झाला. सात रुपयात चार बिमाऱ्या. डाक्टरकडे गेले असते तं मोटारीचं तिकीटच किती झालं असतं."

सगळे हसले. जानरावही हसले, मग हसता हसता थांबले. टाच झाली, गुडघा झाला, गाय झाली, देव झाला. या यादीत एक नाव नव्हतं. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि घरी आले.

दुपारची वेळ. रुखमाबाई ओसरीवर लवंडलेली. अन्नपूर्णाबाई चुलीपुढे जेवायला बसल्या होत्या; ताटात भाकरीचा शेवटचा चतकोर, भाजीच्या पातेल्यातला राहिलेला रस्सा. फडताळात डबी होती. जानरावांनी झाकण काढून पाहिलं. काच दिसत होती.

"तू लावला काय?"

"कोन, मी?" बाईंनी घास खाली ठेवला. "लावते ना. सगळ्याइचं झालं की लावते."

हे वाक्य जानरावांनी पूर्वी ऐकलं होतं. रोज ऐकलं होतं, सकाळ-संध्याकाळ, ताटावर बसता बसता: तू बसत नाही काय, सगळ्याइचं होऊ द्या, मंग बसते. इतक्या वर्षांत त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण ते वाक्य कानावर पडायचं तेव्हा त्यांच्या तोंडात घास असायचा. आज तोंड रिकामं होतं, म्हणून ऐकू आलं.

ते खाली बसले. डबीच्या काठाला, झाकणाच्या आट्यांत थोडा स्नो अडकला होता. तो त्यांनी करंगळीनं खरवडून काढला.

"हे काय करून राह्यले?"

"तोंड इकडं कर."

"दार उघडं हाय."

"राहू दे उघडं."

"झुंबरआक्का पाहीन."

"पाहू दे. गाईले लावला तिनं, मले बायकोले लावता येत नाई काय?"

दिवसाढवळ्या बायकोच्या गालाला हात लावायची जानरावांची ही पहिलीच खेप. बोट त्यांनी हळूच डाव्या गालावर टेकवलं. सोसायटीच्या कर्जरोख्यावर सही करतानाही ते कधी इतके जपून वागले नव्हते. इतक्या जवळून त्यांनी तो वांगही पहिल्यांदाच पाहिला. डावीकडचा मोठा होता, पिंपळाच्या पानासारखा. उजवीकडचा लहान, फिकट.

"हा डावा सुभद्री पोटात होती तवाचा," बाई हळूच म्हणाल्या. सुभद्रा त्यांची मुलगी, सुलतानपूरला दिलेली. "अन् हा इकडला तिच्या पाठच्याचा."

तिच्या पाठचा मुलगा बारशाच्या आधीच गेला होता. जानरावांना ते वर्ष आठवलं, वांग आठवला नाही.

"मले याची लाज नाई," बाई म्हणाल्या. "पन त्यानं त्याले राख म्हटलं. अन् मी येडी पुसत बसली."

जानरावांचं बोट उजव्या गालाशी थांबलं. त्यांनी उरलेला स्नो आपल्या धोतराला पुसला. एवढा महाग स्नो कोणी धोतराला पुसल्याचं उदाहरण वऱ्हाडात दुसरं नसेल.

"जत्रेत फोटो काढाले चालशीन काय?" त्यांनी विचारलं. "असंच. जसं हाय तसं."

बाईंनी ताट उचललं. हो म्हणाल्या नाहीत, आणि गाईचं नावही काढलं नाही.

जत्रेच्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून तयार होत्या. पुंजाजीचा तंबू होता, पडदा होता, बदकाचा रंग यंदा जरा उडालेला होता. पुंजाजीनं बाईंकडे पाहिलं आणि खिशातलं फडकं काढायला हात घातला.

"ते राहू द्या," जानराव म्हणाले. "राख नाई ते. आमचं हाय. अन् मांगून पेन्सिलीनं मिटवासाठी जाऊ नका. जितकं हाय तितकं याले पाह्यजे."

"फोटो काळा येईन."

"येऊ द्या. गोरे आमचे देव हायेत."

पुंजाजीला अर्थ लागला नाही, पण गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "बसा, साहेब."

"तू बस," जानराव बायकोला म्हणाले.

"मी?" बाई मागे सरकल्या. "आंधी तुमी बसा."

"नाई. आज तू बस."

"बाई खुर्चीत अन् मालक उभे, असं कुठं असते काय?"

"म्या मागच्या साली बसून पाह्यलं. काही मजा नाई त्यात. बस."

"तुमी बसल्याबिगर मी बसत नाई. लोक काय म्हणतीन?"

तंबूच्या फटीतून झुंबरबाई म्हणाली, "बस वं माय, सेक्रेटरी म्हणते तं." लगेच मागून रुखमाबाई म्हणाली, "जानराव, तू बस, गुपचूप." काळ्या फडक्यात शिरून पुंजाजी कंटाळला होता, बाहेर रांग वाढत होती, आणि ऊन उतरायच्या आत त्याला निम्मं गाव खुर्चीत बसवायचं होतं. त्यानं आतूनच कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

फोटो मेहकरहून आला तेव्हा बैठकीत गर्दी जमली. आधी तो देवापुढे ठेवला गेला. मग जानरावांनी पाहिला, मग रुखमाबाईनं, मग किसनराव पाटलांनी शिक्का मारल्यासारखी मान हलवून पाहिला, मग कडूबानं, मग गल्लीनं. सगळे हसले. मग झुंबरबाईनं तो अन्नपूर्णाबाईंच्या हातात दिला.

फोटोत खुर्चीच्या दोन बाजूंना दोघे उभे होते. दोघांचे हात खुर्चीकडे, दोघांची तोंडं अर्धी उघडी. बाईंचं तोंड सरळ पुढे होतं, बदकाकडे नव्हतं. डावीकडे पिंपळपान स्वच्छ दिसत होतं, उजवीकडचा लहानही.

सगळ्यांचं पाहून झालं होतं, त्यामुळे आता घाई नव्हती. बाईंनी तो फोटो दाराच्या उजेडात नेला. चहाचं आधण आटून गेलं तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"गोरी नाई आली," कडूबा म्हणाला.

"नाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पन मीच आली."

फोटो त्या खिळ्यावर लागला तो आजतागायत तिथेच आहे. स्नोची डबी चुलीजवळ आहे, तिच्यात हिंग असतो, आणि हिंगालाही अजून थोडा स्वर्गाचा वास येतो. नवा पाहुणा आला की फोटोपुढे थांबतो आणि विचारतो, हे दोघे भांडून राह्यले काय? घरातलं कोणी तरी सांगतं, नाही, एकमेकांना बसा म्हणताहेत. मग पाहुणा पुन्हा पाहतो. मधोमध सिंहाच्या पंजांची, मोराच्या पाठीची ती मखमली खुर्ची रिकामी आहे. आणि सगळ्या फोटोत सर्वांत सुरेख आली आहे ती तीच.